‘गुंतागुंतीचं आहे’ म्हटलं की चूक-बरोबर संपतं का? पडद्यावरचा नैतिक सापेक्षतावाद

पाणवठा (धागाकर्ता)

आधीच सांगतो, यात ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेचं कथानक फुटणार आहे. प्रतिसादांत आणखी कुठल्या मालिकांचं फुटेल, सांगता येत नाही. ज्यांना पाहायच्या आहेत त्यांनी पाहून मग यावं.

गेल्या महिन्यात भाची आठ दिवस राहायला आली होती. एकोणीस वर्षांची आहे, भरपूर वाचते, मनातलं मोकळेपणाने बोलते. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं ही मालिका बघायचो. तिची दुसरी वेळ, माझी पहिली. रसायनशास्त्राचा एक शिक्षक, वॉल्टर, त्याला फुप्फुसाचा कर्करोग होतो, घरच्यांसाठी पैसा मागे ठेवायचा म्हणून तो मेथ हा अमली पदार्थ बनवायला लागतो. दुसऱ्या सीझनमध्ये एक प्रसंग आहे. त्याच्या साथीदाराची मैत्रीण जेन नशेत उताणी पडली आहे, उलटी घशात अडकून गुदमरते आहे. वॉल्टर तिथेच आहे. तिला कुशीवर वळवलं तर ती वाचेल, एवढंच काम आहे. तो धावत पुढे जातो, थांबतो आणि ती मरेपर्यंत नुसता बघत राहतो.

मी तिथे मालिका थांबवली. भाची म्हणाली, "पण मामा, ती त्याला ब्लॅकमेल करत होती ना."

पुढे त्याची बायको स्कायलर त्याला जाब विचारायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "ही बाई मला सहनच होत नाही." का, विचारलं. "तो एवढं सगळं घरासाठी करतोय आणि ही सारखी आडवी येते." मी म्हटलं, अगं, तो विष विकतोय, माणसं मारतोय. तर म्हणाली, "चूक-बरोबर असं काही नसतं मामा. त्याच्या जागेवरून बघितलं तर त्याचं बरोबर आहे. गुंतागुंतीचं आहे."

माझी भाची दुष्ट नाही. रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाजवळ ती थांबेल, याची मला खात्री आहे. म्हणूनच तिचं वाक्य मला इतके दिवस छळतंय. आणि ती एकटीही नाही. स्कायलरची भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला होता. प्रेक्षकांचा स्कायलरवरचा राग इतका अनावर झाला होता की तो त्या अभिनेत्रीपर्यंत येऊन पोचला होता. खून करणारा नायक लाडका आणि खून नको म्हणणारी बायको नकोशी!

परंपरावादी मंडळी हे दुखणं फार पूर्वीपासून सांगत आली आहेत, आणि मी स्वतःला त्यांच्यातलाच समजतो. १९८७ मध्ये तत्त्वज्ञ अ‍ॅलन ब्लूम यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांबद्दल लिहिताना सुरुवातच अशी केली होती, की विद्यापीठात येणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा सत्य सापेक्ष असतं असं मानतो, निदान तसं म्हणतो. १८ एप्रिल २००५ रोजी, पोप म्हणून निवड होण्याच्या आदल्या दिवशी, कार्डिनल राट्झिंगर यांनी ‘सापेक्षतावादाची हुकूमशाही’ असा शब्द वापरला. काहीच अंतिम न मानणारी आणि शेवटी माणसाचा ‘मी’ आणि त्याच्या इच्छा एवढंच माप शिल्लक ठेवणारी हुकूमशाही, असा त्यांचा रोख होता. ही टीका मला पटते. पण तिच्यात एक उणीव राहते असं मला वाटतं. ती सिद्धान्तांवर होते, आणि माझ्या भाचीने कुठलाही सिद्धान्त वाचलेला नाही. तिला हे कोणी वर्गात शिकवलेलं नाही, तिला ते गोष्टीतून मिळालंय.

गोष्ट हे कसं करते? माझ्या मते कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो, यातून. जवळजवळ पन्नास तास आपण वॉल्टरबरोबर जगतो. त्याचा खोकला, त्याची बिलं, त्याचा अपमान, सगळं आपल्याला ठाऊक असतं. त्या जेनच्या मृत्यूनंतर तिचे वडील सुन्न मनाने कामावर परततात. ते विमानांचे वाहतूक नियंत्रक असतात, त्यांच्या हातून चूक होते, आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळतात आणि १६७ माणसं मरतात. त्या १६७ पैकी कोणाचा खोकला आपण ऐकलाय? वॉल्टरच्या घरच्या पोहण्याच्या तलावात पडलेलं एक गुलाबी खेळण्यातलं अस्वल दिसतं, बस. ज्याचा चेहरा दिसतो त्याच्यासाठी जीव तुटतो आणि ज्याचा दिसत नाही तो हिशेबात येत नाही. मग ‘त्याच्या जागेवरून बघ’ हे वाक्य फार उदार वाटतं, पण जागा एकाचीच मिळालेली असते.

वाईट माणसं दाखवू नका, असं मी म्हणत नाही. गुन्हेगाराला समजून घेणं आणि त्याला मोकळं सोडणं यातली रेघ पुसली जाते आहे, असं माझं म्हणणं आहे. तुमचे अनुभव वाचायला आवडतील, आणि विरोधही.

⁂

तिसरी घंटा

धागा आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत.

तुम्ही निवडलेली मालिका सापेक्षतावादी नाहीच. उलट पडद्यावर आलेल्या सगळ्यात कठोर नीतिकथांपैकी ती एक आहे. शिक्षकाचा खलनायक होताना दाखवायचा, हे तिच्या कर्त्यांनी सुरुवातीपासून उघडपणे सांगितलं होतं. शेवटच्या भागात वॉल्टर बायकोसमोर कबूल करतो की हे सगळं मी घरासाठी नाही, माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं आणि मी त्यात तरबेज होतो. पाच सीझन जी सबब त्याने स्वतःला आणि आपल्याला ऐकवली, ती तो स्वतःच्या तोंडाने मोडतो. सापेक्षतावादी लेखक हा कबुलीजबाब का लिहील? भाचीने तो ऐकला नसेल, तर लेखक काय करणार?

दुसरं म्हणजे, तुम्ही ज्या परंपरेत उभे आहात तिचा इतिहासही बघा. हॉलीवूडने १९३० साली हेज संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवावं याची नियमावली, स्वीकारली आणि १९३४ पासून ती कडकपणे राबवली. प्रेक्षकाची सहानुभूती कधीही गुन्हा, दुष्कृत्य किंवा पापाच्या बाजूला झुकू नये, हे तिचं तत्त्व होतं. तुमचाच मुद्दा, नव्वद वर्षांपूर्वीचा. पण त्याच संहितेने गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले प्रेमसंबंध पडद्यावर आणायला बंदी घातली होती! खून आणि आंतरवर्णीय प्रेम, दोन्ही एकाच यादीत. १९६८ मध्ये ती संहिता गेली आणि वयानुसार वर्गीकरण आलं, तेव्हा कुठे चित्रपट खरं बोलायला मोकळा झाला. यादी करणाऱ्यांच्या हाती नीती दिली की काय होतं, ते यात आहे.

आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या काळापासून ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद आहे. मी त्यात फडक्यांच्याही पूर्ण बाजूने नाही. पण कलाकृती पाहणाऱ्याचं माप कलाकृतीला लावू नये, एवढं तरी मान्य व्हावं.

⁂

सांजवारा

पाणवठा, +१. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. खलनायकाचं बालपण दुःखाचं होतं, एवढं दाखवलं की त्याच्या दृष्टीने तो सुटला. ‘मॅलेफिसेंट’ आला २०१४ मध्ये, ‘जोकर’ २०१९ मध्ये, ‘क्रुएला’ २०२१ मध्ये. तिन्ही त्याने पाहिले आहेत आणि तिन्ही त्याला आवडले. मी वाद घालत नाही, पण मला काळजी वाटते. बाकीचं वाचते आहे.

⁂

खडूफळा

मी शिकवतो, त्यामुळे रोज या वाक्याशी गाठ पडते. ‘ज्याचं त्याचं बरोबर.’ निबंधात, चर्चेत, सगळीकडे.

आधी मलाही पाणवठ्यांसारखंच वाटायचं, की यांना चूक-बरोबर कळेनासं झालंय. मग हळूहळू लक्षात आलं की हे वाक्य मुलं सभ्यता म्हणून बोलतात. वर्गात वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या श्रद्धांची मुलं बसलेली असतात. कोणी दुखावू नये म्हणून ती असं बोलतात. दुसऱ्याला नावं ठेवायची नाहीत, हा त्यांचा पक्का नियम आहे आणि तो ती मनापासून पाळतात. म्हणजे त्यांच्याकडे नीती आहे, खूप आहे. ब्लूमचा उल्लेख आला म्हणून सांगतो, त्यांनीही हेच नोंदवलं आहे. सापेक्षता हा त्या मुलांना तर्काचा निष्कर्ष वाटत नाही, तो त्यांना सद्गुण वाटतो, मनाचा मोकळेपणा वाटतो.

अडचण पुढे येते. एकदा एका मुलीची चेष्टा चालली होती, बरेच दिवस. मी चारपाच जणांना वेगवेगळं बोलावून विचारलं. सगळ्यांना ते आवडत नव्हतं. कोणीच काही बोललं नव्हतं. का, तर "त्यांचं आपापसातलं आहे, आपण कोण ठरवणारे". दुसऱ्याला दुखवू नये म्हणून शिकलेलं वाक्य, आणि त्याच वाक्यामुळे दुखावल्या जाणाऱ्या मुलीच्या बाजूने एक तोंड उघडलं नाही. ती मुलगी पुढे वर्ग बदलून गेली. मला ते वेळेत कळलं नाही, याचं वाईट वाटतं.

तिसरी घंटा, कलाकृतीचा दोष किती आणि पाहणाऱ्याचा किती, हे मला ठरवता येणार नाही. पण पाहणारे माझ्यासमोर बसतात.

⁂

शाईचा डाग

इतिहासाच्या बाजूने थोडं. ही टीका कधी नेमकी बसते आणि कधी हुकते, याची दोन उदाहरणं देतो.

हुकलेलं उदाहरण आधी. १९ मे १९९२ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत भाषण केलं. ‘मर्फी ब्राऊन’ या मालिकेतली अविवाहित पत्रकार एकटीने मूल वाढवायचं ठरवते. हे वडिलांचं महत्त्व नाकारणं आहे आणि त्याला जीवनशैलीची आणखी एक निवड म्हटलं जातंय, असं ते म्हणाले. देशभर टिंगल झाली. वर्षभरात, एप्रिल १९९३ मध्ये, ‘अटलांटिक’ मासिकाने ‘डॅन क्वेल बरोबर होते’ अशा मथळ्याचा दीर्घ लेख छापला. त्यात वडिलांविना वाढणाऱ्या मुलांच्या अडचणींबद्दल गंभीर मांडणी होती. प्रश्न खरा होता, असं मलाही वाटतं. पण बोट कोणाकडे दाखवलं? जी बाई मूल ठेवते, वाढवते, जबाबदारी घेते, तिच्याकडे. त्या कथेत निघून गेलेला पुरुषही होता. त्याच्याबद्दल भाषणात काही आलं असतं, तर टीकेला वजन आलं असतं.

आता नेमकं बसलेलं. ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स यांनी २८ ऑक्टोबर १७८७ च्या रोजनिशीत लिहिलं, की देवाने माझ्यापुढे दोन मोठी उद्दिष्टं ठेवली आहेत: गुलामांचा व्यापार बंद करणं आणि समाजाचं आचरण सुधारणं. पहिलं आपण शाळेत शिकतो, दुसरं विसरतो. त्यांच्या दृष्टीने दोन्ही एकाच कामाचे भाग होते. तेव्हाही गुलामीच्या बाजूने ‘गुंतागुंतीचं आहे’ म्हणणारे पुष्कळ होते: व्यापार आहे, वसाहतींची अर्थव्यवस्था आहे, तिकडची रीतच तशी आहे. १८०७ मध्ये व्यापारावर बंदी आली, १८३३ मध्ये साम्राज्यातल्या बहुतेक भागातली गुलामी संपवणारा कायदा झाला. ‘ज्याचं त्याचं बरोबर’ म्हणणाऱ्याच्या हातून हे झालं नसतं.

पण तिथेही डाग आहे. विल्बरफोर्स ज्या दुर्गुण-निर्मूलन संस्थेत होते, ती १८०२ मध्ये निघाली. तिच्याबद्दल इंग्रज पाद्री आणि लेखक सिडनी स्मिथ यांनी १८०९ मध्ये लिहिलं, की वर्षाला ५०० पौंडांहून कमी मिळकत असलेल्यांचेच दुर्गुण दडपणारी संस्था, असं हिचं नाव असायला हवं. श्रीमंतांचा जुगार चालू राहतो, गरिबाची करमणूक बंद होते. नीतीची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य समोर ठेवावं असं मला वाटतं. परंपरावादी टीका जिथे कमजोर माणसाची बाजू घेते तिथे ती टिकते. जिथे ती कमजोर माणसावर नजर ठेवायला लागते, तिथे लोक तिच्यापासून दूर जातात, आणि ते बरोबरच करतात.

⁂

अर्धविराम

‘सापेक्षतावाद’ या एका शब्दाची फोड करायला हवी, नाहीतर आपण सगळे एकाच नावाने तीन वेगळ्या गोष्टींवर बोलत राहू.

वेगवेगळ्या समाजांच्या नीतिकल्पना वेगवेगळ्या असतात, ही साधी माहिती आहे. हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी ती लिहून ठेवली. इराणचा राजा दरायस ग्रीकांना विचारतो, किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचं मांस खाल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग जे लोक तसं करत, त्यांना तो विचारतो, किती दिले तर प्रेत जाळाल? तेही किंचाळतात. यावरून रीत वेगळी असते एवढं कळतं. तेव्हा कोणतीच रीत दुसरीपेक्षा बरी किंवा वाईट नसते, ही पुढची उडी आहे. आणि म्हणून दुसऱ्याच्या रीतीत लुडबुड करणं चूक आहे, ही त्याच्याही पुढची.

ही तिसरी उडी तर्कात बसत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७२ मध्ये हे फार स्वच्छ दाखवलं. ‘बरोबर’ म्हणजे ‘त्या त्या समाजापुरतं बरोबर’, असं एकदा म्हटलं, की ‘लुडबुड करणं चूक’ हे सगळ्या समाजांना लागू होणारं वाक्य तुम्ही कुठून आणलंत? आणि विल्यम्स परंपरावादी गोटातले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. हा आक्षेप कोणत्या एका पक्षाचा नाही.

माणसं त्या उडीपर्यंत चांगल्या हेतूनेच जातात, हे खडूफळा यांचं म्हणणं इतिहासातही दिसतं. १९४७ मध्ये अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाला निवेदन दिलं. पाश्चात्त्य मूल्यं जगावर लादली जातील, वसाहतींतल्या लोकांचा अपमान होईल, ही त्यांची भीती होती आणि ती रास्त होती. पण त्यासाठी त्यांनी जी भूमिका घेतली, तिच्यातून सगळ्यांसाठी समान हक्क सांगणंच अवघड होऊन बसलं. १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला. त्याच संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने घोषणापत्र स्वीकारलं. दुबळ्याला वाचवण्यासाठी धरलेली ढाल त्याच्याच अंगावर पडते, हे ओळखायला पन्नास वर्षं लागली.

अवांतर: ‘सगळं सापेक्ष असतं, आइनस्टाइननेच सिद्ध केलंय’ असं कोणी म्हणालं, तर त्याला सांगा की त्या सिद्धान्तात प्रकाशाचा वेग प्रत्येक निरीक्षकाला सारखाच मिळतो. नावाच्या सारखेपणाने विसाव्या शतकात बराच गोंधळ केला आहे.

⁂

पाणवठा

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

तिसरी घंटा, कबुलीजबाबाचा मुद्दा मान्य. मी आरोप करताना लेखक आणि प्रेक्षक यांची सरमिसळ केली. शेवटचा भाग मीही पाहिला आणि तिथे लेखकांनी सबब मोडली हे खरं आहे. पण ती मोडायच्या आधी जवळजवळ पन्नास तास ती सबब खरी वाटावी म्हणून माध्यमातली प्रत्येक युक्ती राबली आहे. अगदी शेवटच्या भागात दिलेला निकाल पन्नास तासांच्या सवयीला पुरा पडतो का? मला शंका आहे. भाचीने तो कबुलीजबाब ऐकला होता. तिला तो ‘किती भारी सीन’ वाटला.

संहितेबद्दलही खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते. खून आणि प्रेम एका यादीत घालणाऱ्यांना सहानुभूती कुठे द्यायची हेच कळलं नव्हतं. मला संहिता परत नको आहे, सेन्सॉरची कात्री तर अजिबात नको. शाईचा डाग यांनी सांगितलेलं ५०० पौंडांचं वाक्य मी लिहून घेतलंय.

खडूफळा, त्या मुलीचं वाचून गप्प झालो. माझ्या मनात जे होतं आणि मला नीट मांडता आलं नव्हतं, ते हेच. सापेक्षतावादाची किंमत ज्याच्या बाजूने कोणी बोलत नाही त्याला मोजावी लागते.

⁂

तिसरी घंटा

पण मग खलनायकाला भूतकाळ द्यायचाच नाही का? मराठी वाचकाने तरी असं म्हणू नये. कर्णावर आपल्याकडे किती प्रेमाने लिहिलं गेलंय! ‘मृत्युंजय’ १९६७ चं, ‘राधेय’ त्यानंतरचं. दोन पिढ्या त्या कर्णासाठी रडल्या. तो काय नैतिक ऱ्हास होता? आणि महाभारतच मुळात सांगतं की धर्माची गती सूक्ष्म आहे. पांडवांनी युद्धात किती नियम मोडले याची यादी केली तर तुमचं काळं-पांढरं टिकणार नाही.

⁂

पाणवठा

बरं झालं कर्ण काढलात. मी स्वतः तरुणपणी त्याच्यासाठी रडलो आहे आणि त्याची मला लाज नाही. मूळ महाभारतानेही त्याला भूतकाळ दिला आहे: टाकलेलं मूल, सूतपुत्र म्हणून झालेला अपमान, सगळं. पण ते देताना व्यासांनी काय लपवलं नाही, ते बघा. सभेत द्रौपदीला बंधकी, म्हणजे वेश्या, म्हणणारा कर्णच आहे. तिची आणि पांडवांची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणाराही तोच. उद्योगपर्वात तो कृष्णाला म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना जे कटू बोललो, त्याचा मला आज पश्चात्ताप होतो. आणि कर्णपर्वात रथाचं चाक रुततं, तो धर्माची आठवण करून देतो, तेव्हा कृष्ण एकेक प्रसंग काढून विचारत जातो: ‘क्व ते धर्मस्तदा गतः’, तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? त्या क्षणी वाचकाला कर्णाची दया येते आणि प्रश्नही योग्य वाटतो. दोन्ही एकाच वेळी. मला पडद्यावर हवं आहे ते हेच, आणि सांजवारा यांच्या मुलाला जे मिळत नाहीये तेही हेच. त्याच्या गोष्टींत दया आहे, पण चाक रुतल्यावर विचारणारा कोणी नाही.

आता ‘सूक्ष्म’ या शब्दाबद्दल. हा शब्द सभापर्वात कोणाच्या तोंडी येतो? द्रौपदी भर सभेत विचारते की स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म असल्यामुळे तुझ्या प्रश्नाचं यथायोग्य उत्तर मी देऊ शकत नाही. त्या सभेतला सगळ्यात जाणता माणूस, आणि त्याचं उत्तर म्हणजे ‘गुंतागुंतीचं आहे’. एवढं सगळं समोर घडत असताना!

मग विकर्ण उठतो. दुर्योधनाचा धाकटा भाऊ. त्याला भीष्मांएवढं शास्त्र येत नसेल. तो कारणं देऊन सांगतो की हिला जिंकलेलं नाही. कर्णच त्याला पोरकट ठरवून खाली बसवतो. गुंतागुंत विकर्णालाही दिसत होती, त्याच्या बोलण्यात ती आहे. पण उभं राहायला त्याला तेवढं कारण पुरेसं होतं.

सूक्ष्म म्हणजे बारकाईने बघावं लागेल असं. बघणाऱ्यागणिक बदलतं, असा त्याचा अर्थ महाभारतात मला तरी कुठे आढळला नाही. पांडवांचे नियमभंगही तिथे पुन्हा पुन्हा बोलून दाखवले आहेत, नायक म्हणून माफ केलेले नाहीत.

⁂

अर्धविराम

भीष्म आणि विकर्ण हे उदाहरण मी आता कायम वापरणार आहे. परवानगी गृहीत धरतो.

⁂

तिसरी घंटा

इथे मी एक पाऊल मागे घेतो, आणि एक पुढे.

मागे अशासाठी, की खलनायकाच्या पूर्वकथांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यातल्या बऱ्याच आळशी आहेत. एक जखम दाखवायची आणि मोकळं व्हायचं. नाटकाच्या तालमीत आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं, की पात्राचं कारण शोध, पण त्याचं वकीलपत्र घेऊ नकोस. आम्हीच ते विसरत चाललो आहोत.

पुढे अशासाठी, की तुम्हाला हवा असलेला आवाज याच माध्यमात आहे. ‘द सोप्रानोज’ १९९९ मध्ये सुरू झाली. खुनी नायकावर प्रेम करायला लावणाऱ्या मालिकांची ती आजी. तिच्या तिसऱ्या सीझनमध्ये, २००१ साली, एक प्रसंग आहे. गुंडाची बायको कार्मेला एका वृद्ध मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. डॉक्टर क्राकोवर. नवऱ्याला समजून कसं घ्यावं, हे तिला ऐकायचं असतं. तो म्हणतो, पुष्कळ रुग्णांना बालपणाकडे बोट दाखवून आजच्या कृत्यांतून सुटका हवी असते. मग तो तिला सरळ सांगतो, मुलांना घे आणि निघ. शेवटी तो तिच्याकडून फी घेत नाही. हा रक्ताचा पैसा आहे, मी घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ शकत नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला कधीच म्हणता येणार नाही, की तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

काही मिनिटांचा प्रसंग. तो माणूस मालिकेत पुन्हा येत नाही. ती सोडूनही जात नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक भागात तिच्या अंगावरचा प्रत्येक दागिना वेगळा दिसतो. मला तरी दिसला. हा प्रसंग लिहिणाऱ्या माणसांना सापेक्षतावादी म्हणता येणार नाही, आणि कुठल्याही संहितेने त्यांना तो लिहायला लावलेला नव्हता.

⁂

खडूफळा

तो विकर्ण आणि हा डॉक्टर, दोघेही थोडा वेळ येतात आणि दोघांचंही ऐकलं जात नाही. वर्गात दोन्ही प्रसंग एकापाठोपाठ ठेवून मुलांना बोलतं करायचा विचार आहे. मालिकेतला भाग त्यांच्या वयाला दाखवता येईल का, ते बघावं लागेल. सभापर्व तर येईलच.

⁂

पाणवठा

काल रात्री भाचीला फोन केला होता. हा धागा तिला पाठवला होता, तिने सगळा वाचला. आधी थोडी रागावली, तिला न विचारता तिचं बोलणं लिहिलं म्हणून. मी माफी मागितली. इथे तिचं नाव नाही, तरी विचारायला हवं होतं.

मग म्हणाली, "मामा, तुझं कॅमेऱ्याचं पटलं, पण पूर्ण नाही. जेनच्या वडिलांचा चेहरा दाखवलाय. ते तिच्यासाठी कपडे निवडतात तो सीन मला पाठ आहे." खरं आहे, मी तो विसरलो होतो. मग तीच म्हणाली, "पण तो आगगाडीच्या दरोड्यानंतरचा मोटरसायकलवाला मुलगा. कोळ्याला बरणीत घेऊन फिरणारा. त्याला मारल्यावर मी पुढच्या भागात वॉल्टर पकडला जाईल का याचाच विचार करत होते. त्याचं नाव काय होतं?" मलाही आठवलं नाही. दोघांनी शोधलं. ड्रू शार्प.

सुट्टीत ती पुन्हा येणार आहे. क्राकोवरचा भाग दाखवतो म्हटलं, तर तिची अट आहे: मधलाच एक भाग उचलून बघायचा नाही, ‘सोप्रानोज’ पहिल्या भागापासून लावायची. तिसरी घंटा, तिसऱ्या सीझनपर्यंत किती भाग होतात?

⁂

तिसरी घंटा

पहिले दोन सीझन तेरा-तेरा भागांचे. क्राकोवर तिसऱ्याच्या सातव्यात येतो, म्हणजे एकूण तेहेतिसावा. घाई करू नका.